पगार तुटपुंजा, स्टेडियम खचाखच!

कॅरिबियन म्हटलं की आपल्याला आठवतात रिचर्ड्स, गार्नर आणि लारा. पण त्याच समुद्रात एक देश असा आहे, जिथे क्रिकेटला कुणी विचारत नाही. डॉमिनिकन रिपब्लिक! बेट एक आणि वाटेकरी दोन, पश्चिमेला हैती आणि पूर्वेला हा. लोकसंख्या साधारण एक कोटी दहा लाख, भाषा स्पॅनिश आणि वेड दोनच गोष्टींचं, बेसबॉल आणि गाणं. इथलं मेरेंगे २०१६ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेलं, तर बचाता २०१९ मध्ये. या छोट्या देशात दोन-दोन संगीतप्रकार जागतिक वारसा ठरले आहेत आणि कॉन्सर्टला इथे अशी झुंबड उडते की पगाराची पावती बघितली तर विश्वास बसू नये. हा पैसा येतो कुठून, याचा माग काढला की एकाहून एक भन्नाट गोष्टी हाती लागतात.

भागिले २३.८३

या देशात किमान वेतन एक नसून कंपनीच्या आकारानुसार चार प्रकारचं आहे: मोठी, मध्यम, छोटी आणि अगदीच चिमुकली. २०२५ मध्ये मोठ्या कंपनीतल्या कामगाराचं किमान वेतन महिन्याला सुमारे २७,९८८ पेसो झालं. एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपयाच्या आतबाहेर, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या आसपास. कागदावर बरं दिसतं. पण तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या हिशोबाने सरासरी कुटुंबाचा महिन्याचा खर्च ४६ हजार पेसोंच्या पुढे जातो. एका किमान पगारात घर चालत नाही, हे सरकारी आकडेच सांगतात.

आता गंमत बघा. महिन्याच्या पगारावरून दिवसाची मजुरी काढायची तर तिथे ३० ने किंवा २६ ने भागत नाहीत, २३.८३ ने भागतात! कामगार खात्याचा हा ठरलेला आकडा आहे आणि हिशोबनिसांना तो पाठ असतो. तो लावला की दिवसाची मजुरी येते साधारण १,१७४ पेसो. समजा, कॉन्सर्टचं तिकीट साडेतीन हजार पेसोंचं आहे, तर ते झालं तीन दिवसांचं काम. सात हजारांचं असेल तर सहा दिवसांचं. तिकिटाची किंमत पेसोत किंवा डॉलरमध्ये न छापता अशी दिवसांत छापली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. मग कळेल कोण काय मोजतंय ते.

त्यातही निम्म्याहून जास्त कामकरी माणसं असंघटित क्षेत्रात आहेत. मोटारसायकलवर सवारी नेणारे मोतोकोंचोवाले, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बायका. त्यांच्यापैकी बहुतेकांना ही वेतनाची पायरी लागूच पडत नाही. या हिशोबाने स्टेडियम ओस पडायला हवीत. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये पोर्तो रिकोचा गायक बॅड बनी याने आपल्या जगदौऱ्याचा नारळ फोडला तो इथेच, राजधानी सांतो दोमिंगोच्या ऑलिंपिक स्टेडियमवर, लागोपाठ दोन रात्री. अमेरिकेच्या मुख्य भूमीला वगळणारा हा दौरा, आणि पहिला मान मिळाला शेजारच्या बेटाला!

ज्याच्या नावाचं स्टेडियम, तो धावपटू

हे स्टेडियम १९७४ मध्ये मध्य अमेरिकी आणि कॅरिबियन क्रीडास्पर्धांसाठी बांधलं. आज त्याला फेलिक्स सांचेसचं नाव आहे. ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने २००४ मध्ये अथेन्सला सुवर्ण मिळवलं आणि आठ वर्षांनी, २०१२ मध्ये लंडनला पुन्हा तेच करून दाखवलं.

डिसेंबर आला रे आला

कॉन्सर्टवाले तारखा ठरवताना पंचांग बघत नाहीत, पगाराचा कायदा बघतात. इथे वर्षाचा तेरावा पगार कायद्याने बंधनकारक आहे. वर्षभरात मिळालेल्या मूळ पगाराचा बारावा हिस्सा २० डिसेंबरच्या आत हातात पडायलाच हवा. लोक त्याला ‘दोब्ले सुएल्दो’, म्हणजे दुप्पट पगार म्हणतात. दिवाळी बोनसच, फक्त मालकाच्या मर्जीवर न सोडलेला. त्याच सुमारास न्यूयॉर्क-बोस्टनला गेलेली मंडळी नाताळासाठी गावी परततात आणि बेसबॉलची हिवाळी लीगही ऐन रंगात असते. एकच पाकीट आणि त्यावर टपलेले गाणं, सामना, भेटवस्तू, मेजवानी सगळेच. मोठमोठे कार्यक्रम डिसेंबरात का दाटतात, याचं उत्तर इथे आहे.

एरवी पगार पंधरवड्याने होतो, महिन्याच्या १५ आणि ३० तारखेला. त्यामुळे महिन्यातून दोनदा बाजार फुलतो आणि दोनदा कोमेजतो.

चला, भिशी लावू!

आता सर्वांत आवडलेली गोष्ट. डॉमिनिकन वाड्या-वस्त्यांवर ‘सान’ नावाचा प्रकार चालतो. दहा जणी जमतात. प्रत्येक पंधरवड्याला प्रत्येकी एक हजार पेसो टाकायचे आणि जिचा नंबर असेल तिने दहा हजार एकरकमी उचलायचे. व्याज नाही, कागद नाही, जामीन नाही. सगळा कारभार एका भरवशाच्या बाईच्या हाती, तिची वही हीच बँक. कोल्हापूर-साताऱ्याच्या बायकांना यात काय सांगावं? ही आपली भिशीच! जमैकात हिलाच ‘पार्टनर’ म्हणतात आणि त्रिनिदादमध्ये ‘सूसू’.

कुणी या रकमेतून फ्रीज घेतं, कुणी मुलाची फी भरतं, आणि कुणी आपला नंबर डिसेंबरात मागून घेतं, कारण आवडता गायक येणार असतो. अर्थतज्ज्ञांच्या क्रयशक्तीच्या तक्त्यात ही वही दिसत नाही. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. एकट्याच्या पगारावरून या देशाची ऐपत मोजायला गेलं की उत्तर चुकतं, कारण इथे खर्च एकट्याने होतच नाही. मित्रांची टोळी पैसे गोळा करते, त्याला ‘सेरुचो’ म्हणतात. रमची एक बाटली, बर्फ आणि कोला एकत्र मागवायचं आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, म्हणजे ‘कोलमादो’त, उधारीचं खातं असतं. तेल, लसूण, टोमॅटोची पेस्ट, सगळं अगदी थोडं थोडं, त्या दिवसापुरतं घेता येतं. घरखर्चाला असा चिमटा काढून जे उरतं, ते तिकिटाला जातं.

सातासमुद्रापारचं पाकीट

२०२४ मध्ये परदेशातल्या डॉमिनिकन लोकांनी घरी पाठवलेली रक्कम होती १०.७ अब्ज डॉलर. बहुतांश पैसा अमेरिकेतून येतो. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवणाऱ्या मामाने पाठवलेल्या शंभर डॉलरचे इथे सहा हजारांच्या आसपास पेसो होतात, म्हणजे किमान वेतनाचे पाच दिवस.

गायकही याच दोन किनाऱ्यांमध्ये ये-जा करणारे. बचाताचा बादशहा रोमेओ सांतोस जन्मला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, वडील डॉमिनिकन आणि आई पोर्तो रिकोची. २०१४ मध्ये त्याने यांकी स्टेडियम दोन रात्री भरवलं. ज्या वस्तीत वाढला, तिथलंच ते मैदान!

आणि हा बचाता मुळात कुणाचा? हुकूमशहा त्रुहियोची १९६१ मध्ये हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी होसे मानुएल काल्देरोनने पहिल्या बचाता ध्वनिमुद्रिका काढल्या. पुढे कितीतरी वर्षं सभ्य समाजाने हे गाणं दाराबाहेर ठेवलं. ते गुत्त्यांचं, झोपडपट्टीचं आणि खेड्यातून आलेल्या मजुरांचं गाणं मानलं जाई. आज त्याच गाण्याला व्हीआयपी खुर्च्या लागतात. ज्यांनी ते जपलं त्यांची मुलं मागच्या स्टँडमध्ये उभी असतात, ही गोष्ट मला खटकते.

साखर कारखानदाराचं नाट्यगृह

देशाच्या पूर्वेला ला रोमाना गावाजवळ चावोन नदीच्या कड्यावर दगडी गाव उभं आहे, आल्तोस दे चावोन. बघणाऱ्याला वाटावं सोळाव्या शतकातलं भूमध्यसागरी खेडं. प्रत्यक्षात ते विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात बांधायला घेतलं. तिथल्या पाच हजार आसनांच्या खुल्या रंगमंचाचं उद्घाटन १९८२ मध्ये झालं, ते फ्रँक सिनात्राच्या गाण्याने. सोबत होता सांताना.

हे सगळं उभं केलं गल्फ अँड वेस्टर्न या अमेरिकी कंपनीने. तेव्हा ला रोमानाचा अवाढव्य साखर कारखाना तिचा आणि हॉलिवुडचा पॅरामाउंट स्टुडिओही तिचाच! ‘गॉडफादर’ बनवणारे आणि ऊस गाळणारे मालक एकच. या परिसरात उसाच्या फडाला लागून ‘बातेय’ नावाच्या वस्त्या आहेत. तिथले ऊसतोड मजूर मुख्यतः हैतीचे किंवा हैतीहून आलेल्यांचे वंशज. कोयता, टोळी आणि फडाकाठची खोपटी. बीड-अहिल्यानगरच्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको. कड्यावर सिनात्रा आणि खाली ऊस, दोन्हीचा मालक एकच, हे वाचल्यापासून तो सुंदर रंगमंच मला फडाशिवाय दिसतच नाही.

नवरीच्या वेशातली बाटली

गाण्यासोबतची बिअर इतकी गार हवी की बाटलीवर पांढरं हिम चढलं पाहिजे. अशा बाटलीला तिथे म्हणतात, ‘नवरीच्या वेशातली’! प्रेसिदेंते हा तिथला लाडका ब्रँड. त्याच्या नावाने १९९७ पासून ऑलिंपिक स्टेडियमवर लॅटिन संगीताचा महोत्सवही गाजला.

पण बाटली बसून प्यायची तर बिलाकडे लक्ष हवं. विक्रीकर १८ टक्के आणि त्यावर हॉटेलची कायदेशीर बक्षिसी १० टक्के, म्हणजे शंभराचे झाले एकशे अठ्ठावीस. म्हणून तर गर्दी मैदानाबाहेरच्या ‘चिमी’च्या गाडीवर लोटते. पावात मसालेदार खिमा, वर कोबी आणि मेयोनीज-केचपचा गुलाबी रस्सा. कार्यक्रम संपल्यावर खरा धंदा या गाड्यांचाच होतो.

फुकट, पण मोलाचं

१९७४ च्या नोव्हेंबरअखेरीस सांतो दोमिंगोत ‘लोकांसोबत सात दिवस’ नावाचा गाण्याचा महोत्सव झाला. भरवला कुणी? कुठल्या बड्या कंपनीने नाही, एका कामगार संघटनेने! राष्ट्राध्यक्ष बालागेर यांची दडपशाहीची राजवट चालू असताना अर्जेंटिनाची मेर्सेदेस सोसा, क्यूबाचा सिल्विओ रोद्रिगेस असे गायक त्यात गायले. शहराच्या समुद्राकाठच्या मालेकॉन रस्त्यावर मेरेंगे महोत्सवही वर्षानुवर्षं भरत आला, तिकिटाशिवाय.

शेजारच्या क्यूबात २५ मार्च २०१६ ला रोलिंग स्टोन्सनी हवानात जाहीर कार्यक्रम केला, तोही संपूर्ण फुकट. तिथला सरकारी पगार तेव्हा महिन्याला पंचवीस डॉलरच्या आसपास होता. लाखो लोक आले. ओबामा हवानाहून परतून जेमतेम तीन दिवस झाले होते.

आणि गाणाऱ्यांवर डॉमिनिकन लोकांचा विश्वास किती? मेरेंगेचा तारा जॉनी व्हेंतुरा १९९८ ते २००२ सांतो दोमिंगोचा महापौर होता!

महागाई नंबर वन

शेवटी हुआन लुईस गेरा. १९५७ चा जन्म, शिक्षण बोस्टनच्या बर्कलीत आणि डॉमिनिकन संगीताचा सर्वांत मोठा राजदूत. त्याची गाजलेली गाणी बघा. एक व्हिसाच्या रांगेबद्दल, एक काहीच उपलब्ध नसलेल्या दवाखान्याबद्दल. आणि १९९२ चं ‘एल कोस्तो दे ला व्हिदा’, म्हणजे जगण्याचा खर्च, हे थेट घसरत्या पेसोबद्दल आणि तांदूळ, राजमा, कॉफीच्या भावाबद्दल. चाल घेतली कांगोच्या दिब्लो दिबालाच्या गाण्यावरून, त्यामुळे तक्रार ऐकतानाही पाय थिरकतात. पुढे २००३ मध्ये बानिंतेर बँक बुडाली, महागाई ४० टक्क्यांच्या वर गेली आणि गाणं नव्याने खरं ठरलं.

स्पॅनिश येत नसलं तरी एकदा लावून ऐका. किराण्याच्या भावावरचं हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड लॅटिन यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं.