मोह

(सं. मधूक, गुडपुष्प, हिं. महुआ, गु. महुडो; कुल–सॅपोटेसी). मधुका लाँगिफोलिया ह्या जातीच्या रुंद पानांच्या प्रकारास महाराष्ट्रात मोह, मोहा किंवा मोहडा म्हणतात. रावेर तालुक्यात (जि. जळगाव) तापीच्या बाजूची काळी जमीन केळीच्या बागांनी व्यापलेली आहे; उत्तरेस सातपुड्याचा पायथा लागला की जमीन उथळ व मुरमाड होते आणि हा वृक्ष दिसू लागतो. पालच्या परिसरात व १९६९ मध्ये स्थापन झालेल्या यावल अभयारण्यात तो साग, अंजन, सालई यांच्या संगतीत वाढतो.

मोह हा सु. १५ ते २० मी. उंचीचा, डेरेदार पानझडी वृक्ष असून त्याच्या अंगी पांढरा चीक असतो. पाने फांद्यांच्या टोकांशी दाटीने येतात व फेब्रुवारीपासून गळू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये बहुधा निष्पर्ण फांद्यांवर फुलांचे झुबके लोंबतात. पाठोपाठ तांबूस पालवी फुटते. पाकळ्या जुळून झालेला पुष्पमुकुट मांसल, फिकट पिवळसर व अतिशय गोड असतो. तो पहाटे गळून पडतो, किंजपुट मात्र झाडावरच राहून त्याचे फळ होते. त्यामुळे फुले वेचल्याने फळांची हानी होत नाही. रात्री फुलांवर येणाऱ्या वटवाघळांचा परागणास हातभार लागतो. खाली पडलेल्या फुलांसाठी अस्वले व हरणे माणसांच्या आधी पोहोचतात. हिरवी, अंडाकृती फळे जून-जुलैत पिकतात. बियांतील तेल थंडीत थिजते. पेंडीत सॅपोनीन असल्याने ती गुरांस न घालता खत म्हणून वापरतात.

सुकविलेल्या मोहफुलांच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरेचा असतो. टंचाईच्या दिवसांत ती उकडून, भाजून किंवा पिठात मिसळून खाल्ली जात. मोहापासून काढलेल्या दारूचीच चर्चा अधिक झाली. वस्तुतः सातपुड्यातील आदिवासींच्या लेखी हा प्रथम अन्नवृक्ष होय. भिल्लांना शरण आणण्यासाठी त्यांचे मोह तोडण्याची धमकी पुरेशी होत असे, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात आढळते. रानातील झाडेही वहिवाटीने कुटुंबांत वाटलेली असतात व हा हक्क वारशाने चालतो. दुसऱ्याच्या झाडाखालची फुले वेचणे हे भांडणाचे कारण ठरते.

मोहाचा उल्लेख जुन्या वाङ्‌मयातही येतो. गाथासप्तशतीत गोदाकाठचे मोह व त्यांची फुले वेचणाऱ्या स्त्रिया दिसतात. भिल्ल व पावरा समाजांत देवतांना आणि पितरांना मोहाच्या दारूची धार सोडतात. मध्य भारतातील आदिवासींत दारूच्या उत्पत्तीची एक कथा प्रचलित आहे. मोहाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात फुले कुजली; ते पिऊन पक्षी डुलू लागले, तेव्हा माणसास हे पेय कळले. कथेच्या काही पाठांत पोपट, वाघ व डुक्कर यांचा अंश त्यात उतरल्याचे सांगतात. म्हणून पिणारा आधी बडबडतो, मग डरकाळ्या फोडतो व शेवटी लोळतो. दारूची थोरवी व टवाळी एकाच कथेत साधणारे हे कथन मार्मिक आहे.

कायद्याने मात्र ह्या फुलांकडे केवळ दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळपावर निर्बंध आले. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने काही भागांत फुलांवरही नियंत्रण आले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाखालीही फुलांचा साठा व वाहतूक परवान्याच्या कक्षेत राहिली. वनहक्क अधिनियमाने (२००६) गौण वनोपजांवरील वनवासींची मालकी मान्य केली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांवरील निर्बंध सैल केले.

वृक्षाच्या दृष्टीने अधिक गंभीर प्रश्न पुनरुत्पत्तीचा आहे. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात; त्या आगीत कोवळी रोपे मरतात, उरलेली गुरे खातात. तेलासाठी बियाही वेचल्या जातात. परिणामी अनेक ठिकाणी जुनी झाडे फुलत असली, तरी त्यांच्या सावलीत नवी दिसत नाहीत. बियांची रुजण्याची शक्ती थोड्याच आठवड्यांत नाहीशी होत असल्याने ताज्या बिया पावसाळ्याच्या आरंभी पेराव्या लागतात. सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून रोपे उंच पिशव्यांत वाढवितात. बियांपासून वाढलेल्या झाडास फुले येण्यास सु. दहा वर्षे लागतात. कलमांना त्याहून कमी काळ पुरतो.