जुन्या दाराचा मोह

आमचा मोडेम माजघरांत. आज्ञा मात्र आम्ही माडीवरील संगणकावरून 'टेलनेट'नें देत असूं. परवां मोडेमची आज्ञावली अद्ययावत् झाली आणि तो आमचें ऐकेनासा झाला. आम्ही प्रथम तारेला, मग नातवाला बोल लाविला; दोघेही निर्दोष ठरले!

वाचकांनीं एक खूण ध्यानांत ठेवावी. उत्तरच आलें नाहीं, तर वाट अडली आहे. 'जोडणी नाकारली' असें तत्काळ आलें, तर यंत्र जागें आहे, परंतु तें दार बंद आहे.

आमचें २३ क्रमांकाचें दार मुद्दामच मिटलें होतें. सुधारणेच्या टिपणांत तसें लिहिलेंही होतें. टेलनेट परवलीचा शब्द उघडा नेतें. २०१६ सालीं 'मिराई'नें कारखान्याचेच परवलीचे शब्द वापरून असंख्य घरगुती यंत्रें बळकाविलीं. आमचाही शब्द कारखान्याचाच होता!

जुनें दार उघडण्याचा मोह आवरून आम्ही तो शब्द बदलला व 'एसएसएच' स्वीकारलें. हेलसिंकीच्या तातू युलोनेन यांनीं तें १९९५ सालीं, परवलीच्या शब्दांची चोरी झाल्यावर रचलें. २२ क्रमांकाच्या दारानें तें सारें संभाषण गूढलिपींत नेतें. यंत्राची ओळख बदलल्याची सूचना आली, तर मात्र पडताळल्यावांचून होकार देऊं नये.

असो. नातवाची आम्ही क्षमा मागितली.