वशिला गेला, मर्जी राहिली

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानींत वशिला ही चोरटी गोष्ट नव्हती. ती रीतच होती. मुलकी नोकरीच्या जागा कंपनीचे डायरेक्टर आपसांत वांटून घेत आणि पुतणे, भाचे, स्नेह्यांचे चिरंजीव यांची वर्णी लावीत. १८०६ सालीं अशा उमेदवारांसाठीं इंग्लंडांत कॉलेज निघालें खरें, परंतु त्याच्या दरवाजाची किल्ली डायरेक्टरांच्याच खिशांत राहिली.

१८५३ च्या सनदी कायद्यानें ती किल्ली काढून घेतली आणि १८५५ सालीं लंडन येथें पहिली स्पर्धापरीक्षा झाली. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ सालीं तींत उत्तीर्ण होऊन पुढें मुंबई इलाख्यांत नोकरीस आले. डायरेक्टरांच्या यादींत हें नांव कधींच आलें नसतें. (१९२२ पर्यंत ही परीक्षा केवळ लंडनासच होत असे, म्हणजे पक्षपात नियमाच्या आडूनही करतां येतो, हें निराळें.)

तथापि परीक्षा राखते ती देवडी. आंत साहेबांची मर्जी चालते, आणि तिचें कार्य फार सूक्ष्म असतें. दोन कारकून एकाच दिवशीं रुजू होतात. एकाचें बोलणें साहेबांस रुचतें. महत्त्वाचा पत्रव्यवहार त्याच्याकडे जातो, चूक झाली तर शेजारीं बसवून ती समजावून दिली जाते. दुसऱ्याच्या वांट्यास नकला उतरविणें येतें, आणि चुकीबद्दल लेखी ताकीद. पांच वर्षांनीं बढतीचा प्रश्न निघतो, तेव्हां पहिला खरोखरच अधिक लायक झालेला असतो! साहेब निःशंक मनानें त्याची शिफारस करतात. पक्षपात आपला पुरावा आपणच निर्माण करतो, तो असा. म्हणूनच बहुतेक वरिष्ठ स्वतःस न्यायी समजतात. त्यांत ढोंग नसतें.

अमेरिकेंतील जॉर्ज ग्रेन प्रभृति संशोधकांनीं १९७० नंतर हाच विषय तपासला. वरिष्ठाभोंवतीं एक आंतलें व एक बाहेरचें अशीं दोन वर्तुळें पडतात, आणि माहिती व जबाबदारी आंतल्यांसच मिळते, असें त्यांस आढळलें. पुढें त्यांनीं एके ठिकाणच्या वरिष्ठांस नवा पाठ दिला: हाताखालच्या प्रत्येकाशीं स्वतंत्रपणें बसून त्याच्या कामाविषयीं व अडचणींविषयीं बोलावें, मर्जींतल्यांशींच नव्हे. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलें तें असें कीं, काम विशेष वाढलें तें पूर्वीं दूर ठेवलेल्यांचें. माणसें तींच होतीं. कामही तेंच होतें.