उंचावलेल्या ट्रकचे चाक-संरेखन व हाताळणी

उंचावलेल्या ट्रकचे चाक-संरेखन व हाताळणी : पिकअप किंवा चारही चाकांना चालना असलेल्या हलक्या ट्रकचे निलंबन, म्हणजे सस्पेन्शन, बदलून त्याचा सांगाडा मूळ उंचीपेक्षा वर नेल्यावर चाकांचे कोन पुन्हा जुळविणे आणि वाहन सरळ मार्गावर, वळणावर व ब्रेक लावताना कसे वागते हे तपासणे, अशा दोन क्रियांचा यात समावेश होतो. पहिली क्रिया वाहन उभे असताना मापकांच्या साहाय्याने करतात, तर दुसरी वाहन चालवूनच करावी लागते. पहिलीत सर्व आकडे योग्य आले, तरी दुसरीत दोष आढळू शकतो. म्हणून एकीवरून दुसरीचा निष्कर्ष काढता येत नाही.

खडकाळ व चिखलाच्या वाटांवर सांगाडा जमिनीस लागू नये आणि मोठ्या व्यासाचे टायर बसविता यावेत यासाठी ट्रक उंच करतात. ही प्रथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) व ऑस्ट्रेलियात विशेष रूढ आहे. सर्वसाधारणपणे ५ ते १५ सेंमी. उंची वाढवितात. सांगाडा व वरची बांधणी यांच्यामध्ये ठोकळे घालून केवळ वरची बांधणी उचलली, तर निलंबनाची भूमिती बदलत नाही. निलंबनच बदलून उंची वाढविली, तर मात्र चाक धरून ठेवणारी प्रत्येक भुजा व दांडा निराळ्या कोनात उभा राहतो.

उंची वाढविण्याच्या पद्धती : पुढील चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होणाऱ्या निलंबनात स्प्रिंग व धक्काशोषक यांच्या जोडीच्या माथ्यावर चकती बसवितात किंवा अधिक लांबीची जोडी घालतात. ही जोडी खालच्या भुजेच्या साधारण मध्यावर टेकत असल्यामुळे चकतीच्या जाडीच्या सु. दुप्पट उंची वाढते. अखंड आस असलेल्या वाहनांत अधिक लांब वेटोळ्या स्प्रिंगा वापरतात. पाट्यांच्या स्प्रिंगा असतील, तर अधिक कमानीचे पाटे घालतात किंवा मागील आस व पाटे यांच्यामध्ये ठोकळा बसवितात. पुढील आसावर असा ठोकळा वापरणे सुरक्षित मानले जात नाही, कारण ब्रेक लावताना आसावर येणाऱ्या पिळामुळे तो सरकण्याचा संभव असतो. फोर्ड कंपनीने १९६५ मध्ये आपल्या ट्रकांत आणलेल्या दुहेरी आय-छेद तुळयांच्या निलंबनात प्रत्येक तुळईची खीळ विरुद्ध बाजूस असते. केवळ लांब स्प्रिंगा घातल्यास तुळया खाली झुकून चाकांचे माथे बाहेर कलतात. म्हणून तुळयांच्या खिळीही खाली उतरविणारे कंस बसवावे लागतात.

चाकांचे कोन : चाकांच्या संरेखनात तीन कोन महत्त्वाचे असतात. समोरून पाहता चाक उभ्या रेषेशी जो कोन करते त्यास कॅम्बर म्हणतात. चाकाचा माथा बाहेर कलल्यास तो धन व आत कलल्यास ऋण असतो. उंची वाढविल्यावर कॅम्बर कोणत्या दिशेने बदलेल, हे वरच्या व खालच्या भुजांच्या लांबीवर आणि मूळ कलावर अवलंबून असते. त्यामुळे तो अंदाजाने न ठरविता मोजावाच लागतो. कॅम्बर अयोग्य असल्यास टायरची एकच कड झिजते.

चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहता मागे कललेला असेल, तर त्या कलास धन कॅस्टर म्हणतात. या कलामुळे वळण घेतल्यावर सुकाणू चक्र आपोआप सरळ होते व वाहन वेगातही रेषेवर राहते. अखंड आस उंचावल्यावर त्याला धरणाऱ्या भुजा खाली झुकतात, आस स्वतःभोवती थोडा फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. चालकाला सुकाणू हलके व सैल वाटू लागते आणि वाहन महामार्गावर सतत सावरावे लागते. लांबी कमीजास्त करता येणाऱ्या भुजा किंवा विकेंद्री बोल्ट यांच्या साहाय्याने कॅस्टर पूर्ववत करता येतो. परंतु तसे करताना पुढील आसाला शक्ती पुरविणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा अधिक तिरका होतो व कंपने निर्माण होतात. एक कोन सुधारताना दुसरा बिघडतो. त्यामुळे दोहोंमध्ये तडजोड शोधावी लागते.

वरून पाहता एका आसावरील दोन चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा जवळ असल्यास त्यास टो-इन व दूर असल्यास टो-आउट म्हणतात. टायरची सर्वांत जलद झीज या कोनातील चुकीमुळे होते. उदा., ७६० मिमी. व्यासाच्या टायरांत पुढचे व मागचे अंतर ठरलेल्या मापापेक्षा ३ मिमी.नी चुकले, तर दर किलोमीटरमागे प्रत्येक चाक सु. २ मी. आडवे घासले जाते.

सुकाणू दुव्यांची भूमिती : खड्ड्यावरून जाताना चाक वरखाली होते तेव्हा निलंबनाची भुजा एका कंसात फिरते व सुकाणूचा दांडा दुसऱ्या कंसात. मूळ आखणीत हे दोन कंस शक्य तितके जुळविलेले असतात. उंची वाढविल्यावर दांडा अधिक तिरपा होतो, कंस जुळेनासे होतात आणि चालकाने सुकाणू न हलविताही प्रत्येक उंचवट्यावर चाके वळतात. उभ्या वाहनाच्या संरेखनात हा दोष दिसत नाही, कारण त्या वेळी चाक एकाच उंचीवर असते.

वेटोळ्या स्प्रिंगांवरील अखंड आसाच्या वाहनांत आसाला आडवे सरकू न देणारा एक तिरपा दांडा असतो. त्यास ट्रॅक बार म्हणतात. वाहन उंचावले की हा दांडा आसाला एका बाजूस ओढतो. आस मध्यावर आणण्यासाठी लांबी बदलता येणारा दांडा वापरतात. ट्रॅक बार व सुकाणू पेटीपासून चाकाकडे जाणारा दांडा हे दोन्ही एकमेकांस समांतर असणे आवश्यक असते. एकाची खीळ खाली उतरवून दुसऱ्याची तशीच ठेवल्यास वर सांगितलेला दोष वाढतो.

तपासणीचा क्रम : संरेखनापूर्वी सर्व बोल्ट निर्मात्याने दिलेल्या पीळमूल्यानुसार आवळतात. रबरी बुश असलेले बोल्ट वाहनाचा भार चाकांवर आल्यानंतरच आवळावे लागतात. चाके लोंबकळत असताना ते आवळले, तर वाहन खाली उतरविताच रबर पिळले जाते, लवकर फाटते आणि उंचीचे मापही चुकीचे येते. त्यानंतर सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून वरील मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करतात. टायरांतील हवेचा दाब योग्य असावा आणि वाहनात नेहमीचे सामान असावे.

झिजलेले बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, चाकांचे धारवे व बुश यांमधील ढिलाई संरेखनापूर्वीच दूर करणे आवश्यक असते. चाके पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून टायर कोठे घासतो का, चाके लोंबकळत असताना ब्रेकच्या लवचिक नळ्या व वेगसंवेदकांच्या तारा ताणल्या जातात का, हेही पाहतात.

प्रत्यक्ष संरेखनात प्रथम मागील आसाची दिशा पाहतात. तो वाकडा बसला असेल, तर वाहन तिरके चालते व पुढील चाके कितीही जुळविली तरी सुकाणू चक्र मध्यावर राहत नाही. नंतर फिरत्या तबकड्यांवर पुढील चाके दोन्ही बाजूंस ठराविक अंशांतून वळवितात व त्या वेळी कॅम्बरमध्ये होणाऱ्या बदलावरून कॅस्टर काढतात. कॅस्टर व कॅम्बर जुळविल्यावर टो सर्वांत शेवटी जुळवितात, कारण पहिल्या दोहोंतील प्रत्येक बदलाने टो बदलतो. दोन्ही बाजूंचे कोनही एकमेकांशी जुळावे लागतात. ज्या बाजूस धन कॅस्टर कमी किंवा धन कॅम्बर अधिक असतो त्या बाजूस वाहन ओढले जाते.

अ. सं. सं.मध्ये ४,५३६ किग्रॅ.पर्यंत एकूण भारक्षमतेच्या हलक्या वाहनांवर २०१२ च्या नमुन्यांपासून इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-नियंत्रण बंधनकारक आहे. ही यंत्रणा सुकाणूच्या कोनावरून चालकाचा हेतू ओळखते. म्हणून संरेखनानंतर कोन-संवेदकाचे शून्य पुन्हा ठरवावे लागते. तसे न केल्यास सरळ मार्गावरही यंत्रणा एखाद्या चाकाला ब्रेक लावण्याची शक्यता असते. पुढील काचेजवळ कॅमेरा असलेल्या वाहनांत त्याचेही अंशांकन करतात. तसेच दिव्यांचे झोत खाली वळवितात, अन्यथा समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

मार्गावरील चाचणी : ही चाचणी प्रथम रिकाम्या जागी कमी वेगात व नंतर क्रमाने वेग वाढवून घेतात. सपाट रस्त्यावर वाहन एका बाजूस ओढते का, वळणानंतर सुकाणू चक्र आपोआप मध्यावर येते का, ब्रेक लावताना दिशा बदलते का आणि उंचवट्यांवर सुकाणू झटके देते का, हे पाहतात. मध्यापासून कडेकडे उतरत्या रस्त्यावर कोणतेही वाहन उताराकडे थोडे ओढले जाते. म्हणून दोन्ही दिशांनी चालवून खात्री करतात. वेग वाढविताना कंपने येत असल्यास प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांचे कोन तपासतात.

अखंड आसाच्या वाहनात एखाद्या खड्ड्यानंतर पुढील चाके डावी-उजवीकडे जोराने थरथरू लागतात व वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. अमेरिकी चालक यास मृत्युकंप म्हणतात. सैल ट्रॅक बार, झिजलेले सांधे, असंतुलित टायर व चुकीचा कॅस्टर ही त्याची नेहमीची कारणे होत. सुकाणूला नवा शामक जोडल्यास कंप काही काळ दबतो, परंतु मूळ ढिलाई तशीच राहते व पुढे अधिक धोकादायक ठरते.

नव्या स्प्रिंगा व सांधे वापरात बसल्यावर उंची थोडी बदलते. म्हणून सु. ८०० किमी. प्रवासानंतर बोल्ट व संरेखन पुन्हा तपासण्याचा प्रघात आहे. टायर मोठे बसविले असल्यास वेगमापकही सुधारावा लागतो. उदा., ७७५ मिमी.ऐवजी ८३८ मिमी. व्यासाचे टायर लावल्यास मापक ताशी १०० किमी. दाखवीत असताना खरा वेग सु. १०८ किमी. असतो.

संरेखनाच्या मर्यादा : चाकांचे कोन पूर्ववत करता आले, तरी वर गेलेला गुरुत्वमध्य संरेखनाने खाली येत नाही. दोन चाकांमधील आडव्या अंतरास गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता येणाऱ्या संख्येस स्थितिक स्थैर्य गुणक म्हणतात. अ. सं. सं.च्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००१ पासून उलटण्याच्या धोक्याची प्रतवारी देताना हा गुणक वापरला आहे. प्रवासी मोटरगाड्यांत तो सामान्यतः १·३० ते १·५० आणि पिकअप व तत्सम वाहनांत १·०० ते १·३० असतो. चाकांमधील अंतर १७० सेंमी. व गुरुत्वमध्य ७० सेंमी. उंचीवर असलेल्या ट्रकचा गुणक सु. १·२१ येतो. गुरुत्वमध्य केवळ ८ सेंमी.नी वर गेला, तर तो १·०९ होतो. अशा ट्रकचे संरेखन निर्दोष असले, तरी अचानक मार्गिका बदलताना तो पूर्वीपेक्षा लवकर कलंडतो. ब्रेक लावतानाही पुढील चाकांवर अधिक भार सरकतो. मागील बाजूच्या उंचीवरून भार ओळखून ब्रेकचा दाब ठरविणारी झडप ज्या वाहनांत असते, तेथे उंची वाढल्यावर झडप वाहन रिकामे समजते व मागील ब्रेक दुबळे पडतात. अशा वेळी तिचा दुवा नव्याने जुळवावा लागतो.

कायदेशीर बाजू : अ. सं. सं.मध्ये उंचीवरील बंधने प्रत्येक राज्यात निरनिराळी आहेत. पुढचा भाग उंच व मागचा खाली ठेवण्याच्या पद्धतीमुळे चालकास समोरचा रस्ता दिसत नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्याने २०२१ मध्ये पुढील मडगार्ड मागीलपेक्षा ४ इंच (सु. १० सेंमी.) वा अधिक उंच असण्यास मनाई केली व २०२३ मध्ये साउथ कॅरोलायनानेही अशा वाहनांवर बंदी घातली. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा पुनरुच्चार केला. त्यामुळे महाराष्ट्रात निलंबन उंचावलेल्या वाहनाची नोंदणी व विमा यांबाबत अडचणी उद्‌भवू शकतात.

सारांश, ट्रक उंच करणे हे काही तासांचे काम असले, तरी त्याने मूळ आखणीतील अनेक परस्परसंबंध एकाच वेळी बदलतात. संरेखन यंत्राचे आकडे त्यांपैकी थोड्यांचीच साक्ष देतात. उरलेल्यांची परीक्षा मार्गावरील चाचणीत होते. जे बदल कोणत्याही जुळवणीने भरून येत नाहीत, त्यांसाठी वळणावर वेग कमी ठेवणे व पुढील वाहनापासून अधिक अंतर राखणे हाच उपाय राहतो.