पर्थ : एका एकाकी नगरीची तहान

वसंत ऋतूतील व्याख्यानांना जमणाऱ्या मंडळींना पाण्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज नसते. वैशाख लागला की धरणात साठा किती उरला आणि उद्या नळ किती वाजता येणार, ही चर्चा सभामंडपाच्या बाहेरच सुरू झालेली असते. म्हणूनच आज आम्ही अशा एका नगरीची हकिकत सांगणार आहोत, की जी आपल्यापासून हजारो मैल दूर असली तरी तिची मुख्य चिंता आपल्या अगदी ओळखीची आहे. ही नगरी म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ.

श्रोत्यांनी नकाशा डोळ्यांपुढे आणावा. कोकणच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे निघावे, विषुववृत्त ओलांडावे आणि आग्नेयेस वळावे. म्हणजे त्याच हिंदी महासागराच्या पूर्व काठावर पर्थ लागते. उत्तरेस पठाणकोट विषुववृत्तापासून जितके दूर, तितकेच हे दक्षिणेस. वस्ती वीस लाखांहून अधिक. आणि तरीही दहा लाखांवर वस्तीचे तिला सर्वांत जवळचे शहर अ‍ॅडिलेड, तेही सुमारे २,१०० किलोमीटर दूर! मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या हे जवळजवळ दुप्पट झाले. सिडनी आणि पर्थ ही एकाच देशातील शहरे. परंतु पर्थला सिडनीपेक्षा इंडोनेशियातील जकार्ता जवळचे आहे. पश्चिमेस अथांग सागर, पूर्वेस वाळवंट आणि झाडाचे नाव नसलेले नलारबॉरचे पठार. जगातील अत्यंत एकाकी महानगरांत पर्थची गणना होते, ती यामुळे.

पण एकाकी म्हणजे कोणापासून दूर, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. लंडनहून जहाजाने येणाऱ्यास हा मुलूख पृथ्वीच्या टोकाला वाटला, यात नवल नाही. तथापि नूंगार लोक येथे चाळीस हजार वर्षांहून अधिक काळ नांदत होते. त्यांच्या दृष्टीने हेच जगाचे मध्य होते. आपल्याप्रमाणेच तेही वर्षाचे सहा ऋतू मानतात, हे ऐकून श्रोत्यांना मौज वाटेल. बिराक, बुनुरू, जेरान, माकुरू, जिल्बा आणि कंबारांग अशी त्यांची नावे. कोणत्या ऋतूत तळ्याकाठी जावयाचे आणि कोणत्या ऋतूत समुद्रकाठ सोडून आत सरकावयाचे, हे त्यावरून ठरे. पाणी जेथे असेल तेथे माणसाने जावयाचे, अशी ती रीत होती.

१६९७ साली विलेम द फ्लामिंग हा डच दर्यावर्दी येथील नदीतून वर गेला आणि तेथे त्याला काळे हंस दिसले. हंस शुभ्रच असावयाचा, अशी जशी आपली समजूत तशीच युरोपचीही होती. नदीला हंसनदी, म्हणजे ‘स्वान’, हे नाव त्या पक्ष्यांवरून पडले. पुढे १८२९ साली कॅप्टन जेम्स स्टर्लिंग याने ब्रिटिश वसाहत स्थापिली आणि १२ ऑगस्ट रोजी एक झाड तोडून पर्थ नगरीचा मुहूर्त झाला. आरंभच झाड तोडण्याने व्हावा, हे आज फार सूचक वाटते. वसाहतवाल्यांनी आजूबाजूची तळी व दलदली उपसून बागा लावल्या. पर्थचे मुख्य रेल्वे स्टेशनही अशाच एका आटविलेल्या तळ्याच्या जागी उभे आहे.

ज्यांची ही तळी होती त्यांचे काय झाले? १८३३ साली यागन या नूंगार योद्ध्यास ठार मारून त्याचे शिर इंग्लंडला नेण्यात आले. ते १९९७ साली मायदेशी परतले आणि २०१० साली त्याचे दफन झाले. समोरच्या रॉटनेस्ट बेटावर कित्येक दशके मूळ रहिवाशांसाठी तुरुंग चालला. एवढ्यावरही भागले नाही. १९२७ ते १९५४ या काळात परवान्यावाचून मूळ रहिवाशास पर्थच्या मध्यभागी पाऊल ठेवण्याची बंदी होती. एकाकी नगरीतला खरा एकाकी माणूस कोण, याचे उत्तर या बंदीत आहे.

नवी वसाहत कित्येक वर्षे रडतखडत चालली. मजूर मिळेनात, म्हणून १८५० ते १८६८ या काळात विलायतेहून सुमारे दहा हजार कैदी आणण्यात आले. नंतर १८९२ साली कूलगार्डी येथे आणि १८९३ साली कालगुर्ली येथे सोने सापडले आणि नशीब पालटले. १८९१ मध्ये संपूर्ण पश्चिम ऑस्ट्रेलियाची वस्ती सुमारे पन्नास हजार होती. दहा वर्षांत ती एक लाख चौऱ्याऐंशी हजारांवर गेली. मात्र सोने होते तेथे पाणी नव्हते. अफगाणिस्तान, बलुचिस्तान आणि पंजाब या भागांतून गेलेले उंटवाले पाठीवर पाणी व सामान लादून खाणींपर्यंत पोचवीत. त्या वेळच्या लोकांनी या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले.

यावर उपाय काढला चार्ल्स ओ’कॉनर या आयरिश इंजिनिअराने. फ्रीमँटलचे बंदर त्यानेच बांधले होते. पर्थजवळच्या डोंगरात मंडेरिंग येथे धरण बांधावयाचे आणि तेथून सुमारे ५३० किलोमीटर लोखंडी नळातून, आठ ठिकाणी पंप बसवून, रोज सुमारे सव्वादोन कोटी लिटर पाणी वाळवंटात चढवावयाचे, अशी ती योजना. वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातून त्याच्यावर टीकेची झोड उठली. १० मार्च १९०२ रोजी त्याने समुद्रकिनारी आत्महत्या केली. पुढे जेमतेम दहा महिन्यांनी, २४ जानेवारी १९०३ रोजी, पाणी कालगुर्लीला पोचले. ही नळवाहिनी आजही चालू आहे.

अंतराशी झगडा असाच पुढे चालला. १९१७ साली रेल्वेने पर्थ पूर्वेकडील राज्यांशी जोडले गेले. त्या मार्गावर ४७८ किलोमीटरपर्यंत रूळ एकदाही वळत नाहीत. तरी दुरावा गेला नाही. १९३३ साली तेथील मतदारांनी दोनास एक अशा बहुमताने ऑस्ट्रेलियातून फुटून निघण्याचा कौल दिला. ब्रिटिश पार्लमेंटने तो मनावर घेतला नाही. १९६२ साली जॉन ग्लेन हा अंतराळवीर रात्री डोक्यावरून जात असता पर्थकरांनी घरोघर दिवे लावून ठेवले आणि त्याने ते वरून पाहिले. आता विमाने रोज येतात-जातात. थोडक्यात, अंतर माणसाने जिंकले.

पाणी मात्र त्याला जिंकता आले नाही. पर्थचा पावसाळाही आपल्यासारखाच मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत. पण दक्षिण गोलार्धात तो हिवाळा असतो, आणि पाऊस मोसमी वाऱ्यांनी येत नाही तर दक्षिण महासागरावरून येणाऱ्या थंड पश्चिमी वाऱ्यांच्या लाटांनी येतो. उन्हाळा कोरडा ठणठणीत. दुपारी येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने तेवढा जीव थंड होतो. या वाऱ्याला लोक लाडाने ‘फ्रीमँटलचा डॉक्टर’ म्हणतात. १९७० च्या सुमारापासून पावसाच्या त्या लाटा दक्षिणेकडे सरकू लागल्या. पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेचा यात मोठा हात आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. पूर्वी वर्षाला साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आता सव्वासातशेच्या घरात आला आहे.

कोणी म्हणेल, पुण्यातही साधारण तितकाच पडतो. मग एवढा घोर कशाला? येथेच विषयाचे मर्म आहे. पाऊस साधारण सातव्या हिश्शाने घटला. पण धरणांत वाहत येणारे पाणी मात्र ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटले. असे का व्हावे? जमीन ही मोठ्या स्पंजासारखी असते. ती स्वतः भिजून तृप्त झाल्यावर मग ओढ्याला पाणी सुटते. पहिला वाटा मातीचा, दुसरा झाडांचा, आणि उरेल तो धरणाचा. पाऊस उणावला तरी पहिल्या दोन वाट्यांत फारशी कपात होत नाही. सगळी तूट येते ती शेवटच्या वाट्याला. पावसाच्या आकड्यावरून धरणाचा अंदाज करणे किती फसवे, हे यावरून ध्यानात यावे.

धरणे रोडावली तेव्हा शहराने वाळूखालच्या भूजलाला हात घातला. नगरीच्या उत्तरेस ग्नांगारा येथे पाण्याचा मोठा भूमिगत साठा आहे. पण उपसा वाढला, तशी उरलीसुरली तळी आटू लागली आणि बँक्सियाची वने सुकू लागली. हे नुकसान साधे नव्हे. वाळवंट आणि सागर यांच्या कोंडीत अडकल्यामुळे त्या कोपऱ्यात सात हजारांहून अधिक वनस्पती वाढल्या व त्यांतील निम्म्याच्या आसपास जगात अन्यत्र कोठेही नाहीत. जैवसंपत्तीने समृद्ध पण संकटात सापडलेल्या जगातील प्रदेशांच्या यादीत आपल्या सह्याद्रीबरोबर त्याही प्रदेशाचे नाव आहे.

शेवटी पर्थ समुद्राकडे वळले. २००६ साली क्विनाना येथे आणि २०११ साली बिनिंगअप येथे खारे पाणी गोडे करणारे कारखाने सुरू झाले. अत्यंत बारीक छिद्रांच्या पडद्यांतून प्रचंड दाबाने पाणी ढकलले की मीठ मागे राहते. २०१७ पासून सांडपाणी पूर्ण शुद्ध करून भूगर्भात मुरविलेही जाते. आज तेथील नळाच्या पाण्यात पावसाने भरणाऱ्या धरणांचा वाटा लहानसाच उरला आहे. पण दाब म्हणजे वीज आणि वीज म्हणजे पैसा; शिवाय उरलेले अतिखारट पाणी सांभाळून समुद्रात सोडावे लागते. म्हणून बागेला पाणी घालण्यासही तेथे ठरावीक वारच नेमून दिलेले आहेत आणि जून ते ऑगस्टमध्ये बागेचे फवारे बंद ठेवावे लागतात.

आमच्या मते या हकिकतीत आपल्यासाठी एक गोष्ट मनाला लावून घेण्याजोगी आहे. आपल्या शहरांना शेजार आहे. एक धरण अपुरे पडले की आपण पुढच्या खोऱ्याकडे बोट दाखवतो आणि तेथल्या शेतकऱ्याच्या पाटातले पाणी आपल्या नळाला येते. पर्थला असे बोट दाखवावयास कोणी उरले नाही. म्हणून तिला आपले पाणी थेंबाथेंबाने मोजावे लागले. तिचा शहाणपणा उशिरा आला, आणि तिच्या तळ्यांनी त्याची किंमत मोजली. आपल्याजवळ शेजार आहे तोवरच मोजणी सुरू करणे आपल्या हाती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या नळाला येणारे पाणी कोणत्या नदीचे आणि ते कोणाच्या वाट्यातले, एवढे जरी श्रोत्यांनी शोधून काढले, तरी पर्थपर्यंत केलेला हा प्रवास कारणी लागला असे आम्ही समजू.