तळहातांचा घाम ऑपरेशनने थांबतो, पण मग तो जातो कुठे?

परीक्षेत उत्तरपत्रिका ओली होते, मोबाइलवर बोटाचा ठसा उमटत नाही, कुणाशी हात मिळवायची लाज वाटते. उकाडा नसतानाही तळहात असे घामेजत असतील, तर त्या त्रासाला ‘हायपरहायड्रोसिस’ म्हणतात. तो बहुधा लहानपणी किंवा किशोरवयात सुरू होतो आणि झोपेत थांबतो.

घाम जास्त का येतो?
यात घामाच्या ग्रंथी ठणठणीत असतात. त्यांना हुकूम देणाऱ्या सिम्पथेटिक नसा गरजेपेक्षा जास्त काम करतात. या नसांची साखळी छातीच्या आत, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाते.

ऑपरेशनमध्ये काय करतात?
पूर्ण भूल देऊन काखेजवळ छोटे छेद घेतात. फुफ्फुस थोडं आकसवून दुर्बिणीने ही साखळी शोधतात आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या बरगडीपाशी ती कापतात किंवा तिला क्लिप लावतात. याला ‘ईटीएस’ म्हणतात. बहुतेक रुग्णांचे हात शुद्धीवर येतानाच कोरडे असतात.

मग अडचण कुठे आहे?
हात कोरडे झाले, तरी पाठ, पोट, मांड्या यांना पूर्वीपेक्षा जास्त घाम येऊ लागतो. ऑपरेशननंतर हा त्रास कमी-अधिक प्रमाणात बऱ्याच जणांना होतो. काहींना दिवसातून अनेकदा कपडे बदलावे लागतात आणि ऑपरेशन केल्याचा पश्चात्ताप होतो. कापलेली नस पूर्ववत होईल याची खात्री नसते. क्लिप काढूनही उपयोग होईलच असं नाही. क्वचित छातीत हवा साठते किंवा पापणी खाली झुकते.

आधी काय करावं?
अॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध रात्री कोरड्या हातांना लावणं ही पहिली पायरी. पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देणारं आयंटोफोरेसिस, काही महिने टिकणारी बोटॉक्सची इंजेक्शनं आणि गोळ्या हे पुढचे पर्याय आहेत. हे सगळे उपचार नको वाटल्यास थांबवता येतात. ऑपरेशनचं तसं नाही, म्हणून ते शेवटी.

घाम अंगभर येत असेल, रात्री कपडे भिजत असतील किंवा वजन घटत असेल, तर आधी थायरॉइड, टीबी यांसारख्या आजारांची तपासणी करून घ्यावी.

ऑपरेशन ठरवण्यापूर्वी सर्जनला एक प्रश्न जरूर विचारावा: “हात कोरडे होतील, पण पाठीला धारा लागल्या तर पुढे काय?”