व्हॅनचा पिकअप गेला, पीयूसीत नापास? कन्व्हर्टर बदलण्याआधी हे तपासा

जुनी पेट्रोल व्हॅन चढावर दमते, पीयूसी चाचणीत नापास होते. 'कन्व्हर्टर गेला, बदलून टाका,' असे गॅरेजमध्ये सांगितले जाते. मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सहसा आपोआप खराब होत नाही. इंजिनातला दुसरा बिघाड त्याला मारतो. तो बिघाड तसाच ठेवला तर नवा कन्व्हर्टरही टिकत नाही.

काम काय?
इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामधल्या या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांचे रूपांतर तिथे कमी घातक वायूंमध्ये होते.

लक्षणे कोणती?
• वेग वाढवताना इंजिन गुदमरणे : जाळी चोंदली
• गाडीखालून खडखडाट : जाळी तुटली
• धुराला कुजक्या अंड्यासारखा वास
• 'चेक इंजिन' दिवा; स्कॅनरवर पी ०४२० कोड

तपासणीचा क्रम
१. स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल पाहा. मिसफायरमुळे कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळते आणि जाळी वितळते.
२. इंजिन ऑइल कमी होते का, ते पाहा. जळालेल्या ऑइलचा थर जाळी निकामी करतो.
३. एक्झॉस्ट पाइपची गळती आणि ऑक्सिजन सेन्सर तपासा. त्यांच्या दोषानेही पी ०४२० कोड येऊ शकतो.
४. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावा. २,५०० आरपीएमला दाब सुमारे ३ पीएसआयच्या वर गेला, तर मार्ग चोंदलेला समजावा.

दुरुस्ती होते का?
वितळलेली किंवा तुटलेली जाळी दुरुस्त होत नाही. कन्व्हर्टर बदलावाच लागतो. त्याआधी मूळ बिघाड काढून घ्यावा. नवा घेताना तो आपल्या मॉडेलचा आणि भारत स्टेजचा आहे, याची खात्री करून पक्के बिल घ्यावे. जुन्यातले धातू मौल्यवान असल्याने तो परत मागावा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.

जाळी फोडून काढली तर?
पिकअप परत येतो, पण विषारी वायू थेट हवेत जातात. प्रदूषणाचे निकष मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.